माइक नवा, तक्रार जुनीच

तक्रार अशी: ऑनलाइन तासाला पलीकडून "मॅडम, आवाज घुमतोय" असं येतं. माइक बदलला की आठ-पंधरा दिवस सगळे गप्प, मग पुन्हा कुणीतरी तेच म्हणतं. कधी घुमतो, कधी मागे गुणगुण येते, कधी वाक्य अर्ध्यातच तुटतं. नेट बरं आहे, कॉम्प्युटर बरा आहे, माइक मात्र दोन वर्षांत चार झाले.

तक्रार माझ्याच घरची. मी ठाण्यात खोपटला राहते, एसटी डेपोपासून चालत पाच मिनिटांवर, आणि घरूनच नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. तिसरा टेबलावर होता, बाकीचे माइक एका ड्रॉवरमध्ये पडले होते, नवरा त्याला 'माइकांचा वृद्धाश्रम' म्हणायचा. पाचवा मागवणार होते, तेवढ्यात आतेभाऊ, आमचा दादा, जेवायला आला. त्याची अर्धी हयात नाटकांच्या दौऱ्यांवर साउंड बघण्यात गेली आहे. गडकरी रंगायतनला कुठल्या खुर्चीत आवाज पडतो आणि वाशीच्या विष्णुदास भावेला कुठल्या, हे तो झोपेतही सांगेल. त्याने ड्रॉवर उघडला, चारही माइक टेबलावर मांडले, एकेक लावून पाहिला आणि म्हणाला, "अगं, यातला एकही बिघडलेला नाही."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण त्या संध्याकाळी जेवण बाजूला ठेवून आम्ही दोन तास जे केलं, त्यानंतर तक्रार आलेली नाही. म्हणून सगळं लिहून ठेवतेय. 'आवाज खराब येतो' ही एक तक्रार नव्हतीच. वेगवेगळी दुखणी होती आणि मी दर वेळी एकाचं औषध दुसऱ्याला पाजत होते.

आधी बघा, ऐकतंय कोण

दादाने पहिली गोष्ट केली ती नखाने. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग साउंड, मग इनपुट एवढं उघडलं. तिथे आवाजाबरोबर हलणारी एक पट्टी दिसते. त्याने टेबलावरच्या माइकच्या जाळीवर नख घासलं. पट्टी ढिम्म. मग लॅपटॉपच्या कॅमेऱ्याशेजारी जे टाचणीएवढं भोक असतं, त्यावर नख घासलं. पट्टी टुणकन वर उडाली.

म्हणजे तिसरा माइक, सगळ्यात महागडा, दिमाखात समोर उभा होता आणि ऐकत होता लॅपटॉपचा स्वतःचा. किती दिवस, देव जाणे. मधे कधीतरी अपडेट आलं होतं, त्यानंतर निवड आपोआप बदलली असावी. शिवाय एक गोष्ट मला माहीतच नव्हती: विंडोजमध्ये निवडलेला माइक वेगळा आणि झूममध्ये निवडलेला वेगळा असू शकतो. झूममध्ये म्यूटच्या बटणाशेजारी छोटा बाण असतो, त्यात यादी दिसते. गूगल मीटमध्ये ती सेटिंग्जच्या ऑडिओत आहे. दोन्हीकडे नाव एकच हवं. वेबकॅम लावला असेल तर त्याचाही माइक त्या यादीत घुसतो. जे वापरायचे नाहीत ते साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन बंदच करून टाका.

पट्टी कशानेच हलत नसेल तर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बघा. तिथे डेस्कटॉप ॲप्ससाठी वेगळं बटण आहे, ते बंद असलं की चांगला माइकही मुका होतो.

मग अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. कॉलवर नाही, कॉम्प्युटरच्या साध्या रेकॉर्डरवर, आणि हेडफोन लावून ऐका. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि कॉलवर घाण असेल तर दोष नेटचा किंवा ॲपचा. रेकॉर्डिंगच घाण असेल तर पुढे वाचा. माझं चाचणीचं वाक्य ठरलेलं आहे: "साठ फूट भिंतीची सावली आठ फूट पडली." यात स आहे, ठ आहे, फ आणि भ आहेत. माइकचे सगळे अवगुण या एका वाक्यात बाहेर पडतात.

घुमतो, तोही पंधरा दिवसांनी

मुख्य दुखणं हेच, आणि ते परत का येतं याचं उत्तर दादाने हाताच्या वितीने दिलं. माझ्या तोंडापासून माइकपर्यंत त्याने वीत मोजली. साडेतीन भरल्या.

"आणलास तेव्हा कुठे होता?"

आणला तेव्हा तो कीबोर्डच्या अलीकडे, अगदी हनुवटीसमोर होता. नवा माइक आला की आपण त्याच्याशी अदबीने वागतो, जवळ घेऊन बसतो. मग एक दिवस आलेखवही ठेवायला जागा हवी म्हणून तो चार बोटं मागे सरकतो. मग लिहायची डिजिटल पाटी येते, तो आणखी मागे. चहाचा कप येतो. पंधरा दिवसांनी माइक लॅपटॉपच्या मागे, भिंतीला टेकलेला असतो आणि मुलं म्हणतात, मॅडम, घुमतोय.

मी गणिताची बाई, म्हणून मला हे लगेच पटलं. आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने कमी, चौपट झालं की १२ ने. पण खोलीच्या भिंतींवर आपटून येणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो, कारण तो सगळीकडून येतो. एका वितीवरून चार वितींवर गेलात की तुमचा आवाज एक सोळांश उरला आणि खोलीचा आहे तेवढाच. मग माइक आवाज वाढवायला जातो आणि खोलीलाही वाढवतो. जगातला कुठलाही माइक यातून तुम्हाला सोडवू शकत नाही.

आणि खोली तरी कशी? आपल्याकडच्या नव्या-जुन्या सगळ्या फ्लॅटमध्ये आता चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी, वर पीओपीचं छत, एका भिंतीला सरकत्या काचा. पुसायला सोपं, बोलायला विहीर. माझी खोली दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३२ घनमीटर. ती रिकामी धरली आणि भिंती, फरशी, छत मिळून सरासरी पाच टक्के आवाज शोषतात असं धरलं, तर आवाज पूर्ण विरायला १.७ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात मी "समद्विभुज" म्हणून पुढे "त्रिकोण" म्हटलेलं असतं, आणि मुलांच्या कानात दोन्हींचा काला होतो.

हा हिशोब ज्याच्या सूत्राने केला, त्या वॉलेस सॅबाइनची गोष्ट दादाने सांगितली. १८९५ साली हार्वर्डमध्ये एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, तिथे बोललेलं काही कळत नसे. एकेक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबाइन हा तिथला तरुण भौतिकशास्त्राचा शिक्षक. तो रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून त्या सभागृहात आणायचा, ऑर्गनची नळी वाजवायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचा. सकाळी गाद्या परत जागच्या जागी. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले शोषण, म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा पृष्ठभाग किती चौरस मीटर भरतो ते. मला ती कल्पना फार आवडली, गाद्या वाहणारा प्राध्यापक.

आमच्याकडे गाद्यांऐवजी गोधडी आहे. आईने शिवलेली, सहा साड्यांची. दादाने टेबल फिरवायला लावलं, माझी पाठ साड्यांच्या कपाटाकडे आली, कपाटाचं दार उघडं ठेवलं आणि दुसऱ्या दारावर गोधडी टाकली. पाठीमागेच का? तर टेबलावरचे बरेचसे माइक समोरून ऐकतात, आणि माइकच्या समोर मी आणि माझ्यामागची भिंत असते. त्या भिंतीवरून परतणारा आवाज मारला की निम्मं काम झालं. कपडे, गादी, गोधडी मिळून सहा-एक चौरस मीटर शोषण वाढलं तर १.७ चे ०.६ सेकंदाच्या खाली येतात. टाळी वाजवून बघा, आधी टाळीला शेपूट असतं, नंतर नसतं. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल मात्र लावू नका. त्याने खोली कुक्कुटपालन केंद्रासारखी दिसते, आवाजात काही फरक पडत नाही. पातळ पडदेही नावापुरतेच. पडदा हवाच असेल तर जाड, चुण्यांचा घ्या, मी जांभळी नाक्यावरून सोफ्याचं कापड आणलं.

आता एक लाजिरवाणी गोष्ट. तो तिसरा माइक, उभा, दंडगोल, यूएसबीचा कंडेन्सर, मी त्याच्या टाळूत बोलत होते. स्टेजवरचा माइक तोंडासमोर आडवा धरतात, तसा माझा समज. पण असे बरेचसे यूएसबी माइक कुशीने ऐकतात. ज्या बाजूला कंपनीचं नाव किंवा बटण असतं ती त्यांची पुढची बाजू. टाळू म्हणजे नुसतं टोपण. दादाने माइक माझ्याकडे वळवला तेव्हा आवाज इतका पुढे आला की मी दचकले.

त्याच्यावर चार चित्रांचा खटकाही होता. बदामाच्या आकाराचं चित्र म्हणजे कार्डिओइड: समोरचं ऐकतो, पाठीमागचं बरंच गाळतो. गोल चित्र म्हणजे चहूकडचं ऐकतो. माझा खटका गोलावर होता, म्हणून तासाला कुकरच्या शिट्ट्या मुलं मोजायची. घरी एकट्याने बोलायला बदामच हवा आणि त्याची पाठ खिडकीकडे हवी. खोपटच्या रस्त्यावर एसटीचा हॉर्न काही कोणी बंद करणार नाही.

एक टीप या माइकबद्दल: अगदी तोंडासमोर घेतला की प, फ, ब, भ फुटतात, धप्प असा आवाज येतो. "भागाकार" म्हणताना तर स्फोटच. माइक थोडा बाजूला, ओठांच्या कोपऱ्यासमोर घ्या, म्हणजे हवा शेजारून निघून जाते. आणि कार्डिओइड माइक जवळून आवाज जाड करतो. निवेदकांना ते आवडतं. मुलं म्हणाली, मॅडमला सर्दी झालीय.

साठचे आठ

पहिला माइक खरं तर ब्लूटूथ इअरफोन होते. गाणी सुंदर वाजायची. तासाला मात्र मी "साठ" म्हटलं की मुलं "आठ" लिहायची. मला वाटायचं, मुलांचं लक्ष नाही. एकाला ओरडलेही होते, त्याची माफी नंतर मागितली.

गाणी ऐकताना ब्लूटूथ एकाच दिशेने, भरपूर जागा घेऊन आवाज पाठवतो. माइक चालू केला की दोन्ही दिशांना आवाज जायला हवा, मग जोडणी फोनकॉलच्या जुन्या पद्धतीवर उतरते. त्या पद्धतीत सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं. सुधारित पद्धतीत १६,००० नमुने असतात, पण ती दोन्ही उपकरणांना यावी लागते. आपल्या स आणि श यांचा जीव त्या वरच्या पट्टीतच असतो. स गेला की साठचे आठ होतात. इअरफोन कितीही महाग असले तरी जुन्या जोडणीत हे होणारच. २०२० साली आलेल्या ब्लूटूथ एलई ऑडिओमध्ये नवी पद्धत आहे, ती कॉम्प्युटर आणि इअरफोन दोघांनाही येत असेल तर गोष्ट वेगळी.

यावर उपाय सेटिंगमध्ये शोधत बसू नका. ऐकायला ब्लूटूथ आणि बोलायला दुसरा वायरचा माइक, अशी विभागणी करता येते. मग इअरफोन फोनकॉलच्या पद्धतीवर उतरत नाहीत आणि ऐकूही छान येतं.

गुणगुण

दुसरा कॉलर माइक. कुडत्याला लावायचा, म्हणून अंतर पक्कं, घुमण्याचा प्रश्न नाही. पण मागे सतत एक घूंऽऽ. फ्रिज शेजारच्या खोलीत आहे म्हणून मी फ्रिजला दोष देत होते.

दादा म्हणाला, चार्जर काढ. काढला. गुणगुण गेली. लावला, आली. काढला, गेली. मग त्याने विचारलं, चार्जिंगला असताना लॅपटॉपच्या पत्र्यावरून बोट फिरवलं की झिणझिण लागते का? लागायची. मला वाटायचं, तसंच असतं.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, ती गुणगुण त्याचीच, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले सूर. चार्जरमधून अगदी थोडा प्रवाह पत्र्यावर झिरपतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावरच तरंगतो आणि माइकच्या बारीक वायरीत शिरतो. माझ्याकडे चार्जरची पिन तीन खिळ्यांची, भिंतीतलं सॉकेटही बरोबर, पण मधला एक्स्टेन्शन बोर्ड जुना. इलेक्ट्रिशियनने तो उघडला तर आत हिरवी वायर कुठे जोडलेलीच नव्हती, नुसती लोंबत होती. नवा बोर्ड आणला, गुणगुणही गेली आणि झिणझिणही.

जुन्या इमारतींत सॉकेटमध्येच अर्थिंग नसतं, तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ते माइकसाठी नाही, जिवासाठी. तिसरा खिळा कापणं किंवा दोन खिळ्यांचं कन्व्हर्टर लावून काम भागवणं, हे कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तोवर तास बॅटरीवर घ्या.

चार्जर काढूनही खरखर राहिली तर ती बहुधा लॅपटॉपच्या आतली. दोन-अडीचशे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड मिळतं, अंगठ्याएवढं. ते लावलं की माइकचा आवाज लॅपटॉपच्या जुन्या वाटेने न जाता थेट आकड्यांत बदलून जातो. डेस्कटॉप असेल तर आधी पुढच्या भोकातून काढून मागच्या गुलाबी भोकात लावून बघा. पुढच्या भोकापर्यंत डब्याच्या आतून लांब वायर जाते आणि ती वाटेतला सगळा कचरा गोळा करते. गुलाबी माइकचं, हिरवं स्पीकरचं, निळं लाइन इनचं.

आणि हो, पिनवरच्या काळ्या रिंगा मोजा. अर्धे माइक दुकानात "खराब" म्हणून परत जातात ते यामुळे. तीन रिंगा असतील तर ती मोबाइलची पिन, एकाच भोकात कानही आणि माइकही. लॅपटॉपला एकच भोक असेल तर तीच चालते. दोन रिंगा असतील तर ती वेगळ्या गुलाबी भोकाची. तीन रिंगांची पिन गुलाबी भोकात खुपसली तर माइक नीट चालत नाही, आणि दोन रिंगांची मोबाइलच्या भोकात घातली तर फोन तिला माइक मानतच नाही. मधे लावायला स्प्लिटर मिळतो, पण तो कुठल्या दिशेचा हवा ते पिन हातात धरून दुकानदाराला दाखवा, तोंडी सांगू नका. माझ्या कॉलर माइकवर एक सरकखटकाही होता, फोन की कॅमेरा असा, आत बटणाएवढा सेल. कॉम्प्युटरला तो कॅमेऱ्याच्या बाजूला ठेवायचा. हे कागदावर लिहिलेलं होतं, जो मी डब्यासकट भंगारात दिला होता.

चौथा, ज्याचा आवाजच येत नव्हता

हा स्टेजवरचा डायनॅमिक. भाचा म्हणाला होता, "मावशी, डायनॅमिक घे, खोलीचा आवाज पकडत नाही." पूर्ण खोटं नाही ते. पण डायनॅमिक माइक मुळात मंद बोलतो. १९६६ पासून गायकांच्या हातात दिसणारा शूअर एसएम ५८ घ्या, त्यातून जेमतेम १.८५ मिलिव्होल्ट प्रति पास्कल निघतात (पास्कल म्हणजे आवाजाच्या दाबाचं माप). हेडसेट आणि कॉलर माइक असतात इलेक्ट्रेट जातीचे, १९६२ साली बेल लॅब्समध्ये गेरहार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी शोधलेले. कॉम्प्युटरचं भोक त्यांच्या बेताने बनवलेलं आहे, त्यांना लागणारे थोडे व्होल्टही तेच पुरवतं. डायनॅमिक त्याच भोकात घातला की तो कुजबुजतो. मग मी मायक्रोफोन बूस्ट ३० डेसिबलपर्यंत ओढला आणि मागून पाऊस पडल्यासारखी सूं आली. डायनॅमिकला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटरच्या मधला डबा लागतो, त्यातला प्रीॲम्प, म्हणजे मंद आवाज वाढवणारा भाग, चांगला लागतो, आणि माइक ओठांपासून चार बोटांवर लागतो. खोलीचा आवाज कमी येतो तो मुख्यतः या चार बोटांमुळे.

उलट बाजूचा फसवा प्रकारही सांगून ठेवते. स्वस्तातला गोंडस स्टुडिओ माइक, मागे एक्सएलआर नावाची तीन खिळ्यांची जाड पिन, आणि सोबत एक्सएलआरपासून हेडफोनच्या पिनपर्यंतची वायर. खऱ्या कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच येणारी वीज लागते, ती लॅपटॉपचं भोक कुठून देणार? इंटरफेस घ्यायचा नसेल तर एक्सएलआरच्या वाटेला जाऊच नका. यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही असलेले डायनॅमिक मिळतात, सॅमसन क्यू२यू किंवा शूअर एमव्ही७ त्या जातीचे.

मध्येच आवाज तुटण्याचं दुखणं सगळ्यात सोपं निघालं. यूएसबी माइक, पेन टॅब्लेट आणि वेबकॅम मी एकाच हबला लटकवले होते. माइक थेट लॅपटॉपला लावला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली "वीज वाचवायला उपकरण बंद करा" ही खूण काढली. संपलं. झूममधलं माइकची पातळी आपोआप बदलण्याचं खूणघरही बंद केलं. मी फळ्याकडे वळून गप्प बसले की ते पंख्याचा आवाज वर ओढायचं.

पावसाळ्यात आणखी एक दुखणं येतं, पापड तळल्यासारखी चटचट. दमट हवेत कंडेन्सरच्या पडद्यावर ओल धरते, किंवा पिनवर मळ बसतो. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, माइक रात्री झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. ज्या पुड्या आपण नव्या बुटांबरोबर फेकून देतो, त्याच.

मग घेतला कोणता

वायरचा यूएसबी हेडसेट. बस. दिसायला कॉल सेंटर. मुलगी म्हणाली, "आई, तू इन्शुरन्स विकणारी वाटतेस." पण माइक ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटांवर राहतो आणि आलेखवही ठेवायला जागा लागली म्हणून तो सरकत नाही. सगळी मेख तिथेच. आवाज नुसता बोलण्याचा असेल, समोर मुलं किंवा ऑफिस असेल, तर यापलीकडे जायचं कारण मला तरी दिसत नाही. चित्रफितीत डोक्यावर पट्टा नको असेल तेव्हा मी कॉलर माइक लावते, गळ्यापासून वीतभर खाली, साउंड कार्डमधून.

घेताना लॅपटॉप सोबत न्या. गोखले रोडच्या दुकानातही लावून दाखवतात, आणि ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलात तर लॅमिंग्टन रोडवर दहा प्रकार हाताळायला मिळतात. दुकानात गोंगाट असतो तो चांगलाच, चाचणी आपोआप होते. "साठ फूट भिंतीची सावली" रेकॉर्ड करा, तिथेच ऐका. डब्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' लिहिलं असेल तर विचारा, कुणासाठी? पुष्कळदा ती सोय घालणाऱ्याच्या कानासाठी असते, माइकसाठी नसते. वायरवर म्यूटचं बटण हवं, माइकची दांडी वाकणारी हवी, तोंडाशी फोमची टोपी हवी.

उभा कंडेन्सर शेजारच्या काकूंना दिला. त्या ऑनलाइन हार्मोनियम शिकवतात आणि त्यांची तक्रार वेगळीच होती, "सूर धरला की दोन सेकंदांनी गायब होतो गं." तो प्रताप ॲपमधल्या गोंगाट-गाळणीचा. सलग एकसारखा सूर तिला पंखा वाटतो आणि ती तो गिळून टाकते. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू केलं, माइक भात्यापासून लांब, पेटीच्या पुढे दोन वितींवर ठेवला, खटका बदामावर, पुढची बाजू काकूंकडे. खालच्या पट्टीतला सा धरून त्यांनी शिष्याला विचारलं, "आला का?"

पलीकडून उत्तर आलं, "आला काकू. कुकरची शिट्टीपण आली."